भेगेत उतरलेलं डिझेल

१

मे महिन्याच्या चार तारखेला सकाळी आठ वाजता डोणवाडीच्या नळांना पाणी आलं, आणि त्या पाण्याला डिझेलचा वास होता.

बायकांना आधी वाटलं, हंड्यालाच काहीतरी लागलं असेल. हंडे घासून पुन्हा भरले. वास तसाच. तोवर बऱ्याच घरांत चहा होऊन गेला होता. दुपारपर्यंत बावीस माणसं ओकून ओकून बेजार झाली आणि सत्तरीच्या सुमनबाईला नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

डोणवाडी विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यावरचं गाव. नदीच्या कडेला एक खोल विहीर आहे, तिला जॅकवेल म्हणतात. नदीचं पाणी चारीतून त्या विहिरीत येतं, विहिरीतून मोटारीनं टाकीत चढतं आणि टाकीतून नळाला जातं. हे सगळं अठरा वर्षं एकटा शेषेराव बघत होता. तो राहायलाही तिथंच, पंपघराला लागून असलेल्या दोन खोल्यांत.

चार तारखेला पहाटे लाईट नव्हती, म्हणून त्यानं जनरेटरमध्ये डिझेल भरलं होतं. अर्धा रिकामा कॅन विहिरीच्या तोंडाशीच सापडला. नदीवर तेलाचा तवंग कुठंच नव्हता. म्हणजे डिझेल वरून थेट विहिरीत पडलं, असं सगळ्यांनी धरलं. आणि शेषेरावची बायको रेणुका जाऊन पाचच दिवस झाले होते. छातीत दुखायला लागलं, आणि गाडी येईपर्यंत संपलं. सुतक असूनही तो कामावर गेला होता, कारण मोटार चालू करणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

"दुखात होता, हात सुटला," असं काही जण म्हणाले. "दुखात होता तर घरी बसायचं. गावाला कशाला मारतो?" असं बाकीचे म्हणाले.

शेषेराव नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. पंचायतीनं त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी ग्रामसभा, तिथं त्याला कामावरून काढायचं आणि पोलिसांत द्यायचं, असं ठरत आलं होतं.

२

ग्रामसेवक ज्योत्स्ना गावात नवीन होती. तिला हे पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. ती नांदेडला तरोड्यात रामलिंगकडे आली.

रामलिंग माती परीक्षण प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मदतनीस होता. शिक्षण सातवी. पण मातीचा खडा बोटांत चुरून ती कुठल्या शिवारातली आहे हे तो सांगायचा, आणि साहेब लोक मशीनवर तपासून तेच लिहायचे. ज्योत्स्नानं कॉलेजात असताना त्या प्रयोगशाळेत दोन महिने काम केलं होतं. तेव्हापासून ती त्याला काका म्हणायची.

घरात तो एकटाच. बायको उमादेवी अकरा महिन्यांपूर्वी गेली. दोघंही उदगीरकडचे, घरात कानडी बोलायचे. मुलगा पुण्याला, त्याला कानडी समजतं पण तो मराठीतच बोलतो. उमादेवी गेली तशी घरातली कानडीही गेली. तोंडात शब्द यायचे, ते बोलायचे कुणाशी?

"पाण्याचा रिपोर्ट दहा दिवसांनी येणार, काका," ज्योत्स्ना म्हणाली. "आणि त्यात एवढंच लिहिलेलं असणार की पाण्यात डिझेल आहे. कुठून आलं ते नाही."

"तो माणूस काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाही. मी तीन वेळा विचारलं. म्हणतो, तुमाला काय लिवायचं ते लिवा, म्याडम."

रामलिंग उठला.

"खोटं बोलणारा माणूस लई बोलतो," तो म्हणाला. "चला, काठ बघू."

त्यानं खुरपं, माती काढायची लोखंडी नळी आणि लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या पिशवीत घातल्या.

३

नऊ तारखेला ते डोणवाडीला पोचले. आदल्या दिवशी दहावा झाला होता. शेषेरावचं डोकं भादरलेलं होतं. तो ओट्यावर बसून होता. त्यानं नमस्कार केला, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि लगेच मागं घेतला.

"टँकरचं हाय," तो म्हणाला. "नळाचं न्हाई."

रामलिंगनं तांब्या ओढून घेतला आणि पाणी प्यायला.

मग तो कामाला लागला. पंपघर उंचावर, मुरमाच्या भरावावर आहे. मुरमावर डिझेल सांडलं तर ते वरून खाली झिरपतं आणि वाटेत सगळीकडे वास ठेवून जातं. रामलिंगनं जनरेटरपासून विहिरीपर्यंत सहा ठिकाणी उकरलं. कुठंच वास नाही. विहिरीच्या कठड्यावर, आतल्या पायऱ्यांवर डिझेलचा डाग नाही.

"इथं सांडलेलंच नाही," तो म्हणाला.

"मग विहिरीत कसं आलं?"

तो उतारावरून खाली गेला. तीस-पस्तीस पावलांवर नदीचं पाणी लागलं होतं. दोन तारखेला वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, त्यामुळे नदी तीन फूट चढून चारीच्या दोन्ही अंगांवर पसरली होती. रामलिंगनं चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि घोटाभर पाण्यात शिरला. चारीच्या कडेला तो थांबला. पायाखालच्या चिखलातून एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि त्या जागी रुपयाएवढा रंगीत डाग पसरला. थोड्या वेळानं दुसरा.

त्यानं नळी खाली दाबली, माती वर काढली आणि काठावर येऊन ती खुरप्यानं उभी चिरली.

"बघा, मॅडम. वरचा चार बोटं थर मऊ, पिवळट. हा नवीन गाळ, आत्ता पाण्याबरोबर आलेला. खाली आपली काळी माती. आता वास घ्या."

ज्योत्स्नानं नाक जवळ नेलं. काळ्या मातीला डिझेलचा वास होता. पण सगळ्या मातीला नाही. वरून खाली गेलेली एक काळपट ओली रेघ होती, वीतभर खोल, तिलाच.

"काळी माती ओली असली की फुगते, दार लावल्यासारखी बंद होते," रामलिंग म्हणाला. "तिच्यावर तुम्ही डिझेल ओता, ते वरच राहील, वाहून जाईल. आत जाणार नाही. हे आत गेलंय, तेही वीतभर. म्हणजे सांडलं तेव्हा इथं भेगा होत्या. म्हणजे इथं पाणी नव्हतं. ऊन खाऊन जमीन फाटली होती."

"म्हणजे चार तारखेला नाही."

"चारला इथं पाणी होतं. दोन तारखेच्या आधी सांडलंय. भेगेत पडून राहिलं. नदी चढली, पाणी भेगेत शिरलं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर निघालं, आणि शेजारी चारी. चारी सरळ विहिरीत जाते."

"पण मग नदीवर तवंग कसा नाही?"

"नवीन पाणी गढूळ. त्यातला बारीक गाळ डिझेलच्या थेंबांना चिकटतो आणि त्यांना जड करतो. मग ते वर पसरत नाहीत, पाण्याच्या पोटातूनच जातात. डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळतं."

ज्योत्स्नाचा चेहरा उजळला. रामलिंग मात्र त्या चिरलेल्या मातीकडेच बघत होता. त्या काळपट रेघेत करड्या रंगाचं काहीतरी होतं. त्यानं ते बोटावर घेतलं. राख होती. राखेत काडीसारखे कोळशाचे बारीक तुकडे. तुराट्या, तुरीची वाळलेली झाडं जाळली की असे तुकडे राहतात.

तो ज्योत्स्नाला काही बोलला नाही. माती बरणीत भरली.

४

एप्रिलमध्ये त्या काठावर डिझेल असणारी माणसं गावानं दोनच सांगितली. एक बसवराज, धरणातला गाळ काढायचं काम घेतलेला. दुसरा शिवशंकर, पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात टरबूज लावणारा. त्याचं आणि शेषेरावचं चारीवरून भांडण झालेलं गावाला ठाऊक होतं.

शिवशंकर शेतातच भेटला.

"माझ्यावर येऊन राहिले का आता?" तो म्हणाला. "या, या. लई दिवस झाले, कुणी आलं न्हाई."

"इंजिन कुठं आहे तुमचं?"

"घरी. दहा एप्रिललाच नेलं. टरबुजं संपली, कशाला ठिवू? चोरायला?"

"शेषेरावशी भांडण कशाचं?"

"मी चारीतून पाणी उचलत होतो. तो म्हणला, गावाच्या प्यायच्या पाण्यात तुझं इंजिन नको, गळतंय. मी म्हणलो, तुझ्या बापाची नदी हाय का." त्यानं हातातली माती झटकली. "गळत होतं, तसं. मंग नेलं मी शंभर पावलं खाली. माणूस खडूस हाय, पण पाण्याचा पक्का. त्यानं इहिरीत डिझेल सांडलं म्हणता, मला तरी गळी उतरत न्हाई."

बसवराज नांदेडच्या रस्त्यावर एका धाब्याशी भेटला. देगलूरचा माणूस. त्यानं रामलिंगच्या कपाळावरची विभूती बघितली, आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि सहज म्हणाला, "ऊटा आयता, आप्पा?"

जेवण झालं का, एवढंच त्यानं विचारलं होतं. अकरा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं, त्या भाषेत तर नाहीच.

"आयतु," तो म्हणाला. झालं नव्हतं.

"मशिनी दहा एप्रिलला हलवल्या," बसवराज सांगू लागला. "डिझेलचे ड्रम होते, पण वर, रस्त्याच्या कडेला. खाली चारीजवळ मशीन न्यायची होती, पण आमचा ड्रायव्हर पायानं बघायला गेला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. त्याचा बूट अजून तिथंच असंल."

ज्योत्स्नानं धरणाच्या कार्यालयातून पाण्याच्या पातळीचे आकडे आणले होते. चारीच्या त्या जागेवरून पाणी हटलं ते पाच एप्रिलला. दहाला गुडघाभर चिखल. एवढ्या उन्हातसुद्धा त्या मातीला वीतभर भेग पडायला आणखी आठ-दहा दिवस लागणार. म्हणजे डिझेल सांडलं ते वीस एप्रिल ते दोन मे यांच्यामध्ये. तोवर बसवराज गेलेला. शिवशंकरचं इंजिन घरी.

"दोघंही सुटले," ज्योत्स्ना म्हणाली. "मग राहिलं कोण?"

रामलिंगनं गावात विचारून घेतलं होतं, त्याला उत्तर ठाऊक होतं. पाणी चारीपासून लांब गेलं की उन्हाळ्यात पंचायत नदीच्या पात्रात एक छोटं डिझेल इंजिन ठेवते. ते नदीचं पाणी उचलून चारीत टाकतं. ते यंदा वीस एप्रिललाच बसवलं होतं, बरोबर त्या जागी, आणि दोन मेला नदी चढायला लागली तेव्हा उचललं. आणि ते चालवायचा शेषेराव.

तो त्या माणसाला सोडवायला आला होता, आणि माती पुन्हा त्याच्याकडेच बोट दाखवत होती.

५

सुमनबाई दवाखान्यातून घरी आली होती. खाटेवर पडल्या पडल्या ती सगळ्यांना शिव्या देत होती, म्हणजे बरी होती.

"एप्रिलच्या शेवटी नळाचं काही वेगळं झालं होतं का, आजी?" रामलिंगनं विचारलं.

"काय वेगळं? पाणी आठला येतंय. अठरा वरसं आठला येतंय. शेषेरावचं घड्याळ हाय ते." तिनं कूस बदलली. "न्हाई, मधी दोन दिस साडेसहालाच आलं. माझे हंडे भरायचे राहिले म्हणून ध्यानात हाय. सून म्हणली, रेणुका सोडून राहिली आज पाणी. तिला पुढं भाकरी थापायच्या असत्या ना, म्हणून लवकर."

"शेषेराव कुठं होता?"

"त्याच्या पोरीला इचारा."

तनुजा पंपघराच्या मागं कपडे वाळत घालत होती. लातूरला अकरावीला होती, खोली करून राहत होती.

"बाबा मला न्यायला आले होते," ती म्हणाली. "खोली सोडायची होती. गादी, भांडी, पुस्तकं, एकट्यानं कसं आणणार? बावीसला आले, तेवीसला आम्ही दोघं एसटीनं आलो."

"घरी आल्यावर आई काही बोलली?"

"मला नाही. अंगाला डिझेलचा वास येत होता तिच्या. मी म्हणाले, आई, साडी बदल. ती हसली. म्हणाली, तुझ्या बापाची नोकरी केली दोन दिवस." तनुजाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "काका, तुम्ही हे का विचारताय?"

"तारखा जुळवून बघतोय," रामलिंग म्हणाला.

तिच्या मागं चूल होती. चुलीशेजारी तुराट्यांचा भारा.

६

दुपारी तनुजा दुकानात गेलेली बघून रामलिंग ओट्यावर शेषेरावच्या शेजारी बसला. बरणी मध्ये ठेवली.

"शेषेराव, बावीस-तेवीसला तुम्ही लातूरला होता."

शेषेरावनं बरणीकडे बघितलं नाही.

"इंजिन तिनं चालवलं. कॅन वीस लिटरचा, हात भरून आला असेल. निसटला. मग तिनं चुलीतली राख आणली आणि टाकली, घरात रॉकेल सांडलं की टाकतात तशी. राख डिझेलबरोबर भेगेत गेली. ती मला मातीत सापडली."

वर टाकीवर दोन कावळे बसले होते.

"मी आलो त्या दिवशीच सांगितलं तिनं," शेषेराव म्हणाला. "लपिवलं न्हाई. म्हणली, कॅन पडला, मी राख टाकून समदं कोरडं केलं, चला बघायला. मी जाऊन बघितलं. कोरडंच होतं. मी म्हणलो, बरं केलं, माती पिऊन गेली. फावडं घेऊन चार घमेली माती काढली असती, तर काय झालं नसतं. मला वाटलं, जमिनीनं पिलं म्हंजे संपलं."

"मग सांगत का नाही?"

"काय सांगू? रेणुकानं सांडलं? तुमी माझं नाव लिवा, साहेब. मी सही करतो."

"नोकरी जाईल. पोलीस येतील."

"नोकरी दुसरी करीन. गावच्या नळावर रोज बाया येत्यात. रोज म्हणतील, रेणुकाच्या हातानं आमी ओकलो. ती उत्तर द्यायला येणार हाय का? आन् पोरगी ते ऐकल. तिला लातूरला न्यायला गेलो म्हणून आई इंजिनावर गेली, हे तिच्या डोक्यात बसंल. मंग ती कशी शिकंल?"

रामलिंगनं बरणी पिशवीत ठेवली.

"मी खोटं लिहिणार नाही," तो म्हणाला. "माती जे सांगते तेवढं लिहीन. कधी, कुठं, किती खोल. मातीत कुणाचं नाव नसतं."

७

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली. सरपंच उमाशंकरआप्पांनी सगळ्यांना गप्प केलं. रामलिंगनं बरणीतली माती एका परातीत ठेवली आणि उभ्या उभ्या सांगितलं. भेगा, नवीन गाळ, पाण्याची पातळी, तारखा. राख होती तेही सांगितलं. एका म्हाताऱ्यानं पुढं येऊन मातीचा वास घेतला आणि मान हलवली.

"म्हंजे चार तारखेला शेषेरावनं काही सांडलं न्हाई," सरपंच म्हणाले. "हे आमाला पटलं. पण मंग सांडलं कुणी? बावीस लोक आजारी पडलेत."

"ते मी लिहिलेलं नाही," रामलिंग म्हणाला.

"लिवलं न्हाई, का ठाऊक न्हाई?"

रामलिंगनं परातीतली माती हातानं सारखी केली. लोकांत कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "किती दिलं शेषेरावनं?" शेषेराव उठायला लागला. तो काय बोलणार हे रामलिंगला ठाऊक होतं. मीच सांडलं, असं म्हणणार.

पण त्याच्या आधी बायकांतून तनुजा उठली होती.

"कसली राख होती, काका?"

रामलिंगनं तिच्याकडे बघितलं. हे तिनं विचारू नये असं त्याला वाटत होतं. पण विचारल्यावर खोटं सांगता येणार नव्हतं.

"तुराट्यांची."

"गावात सगळ्यांकडे गॅस आहे," तनुजा म्हणाली. "तुराट्या आमच्या चुलीत जळतात. आईला गॅसची भाकरी आवडायची नाही. बाबा मला न्यायला लातूरला आले होते, तेव्हा इंजिन तिनं चालवलं. तुम्हाला पाणी पाहिजे होतं म्हणून. कॅन तिच्या हातून पडला. तिनं राख टाकली. तिला जेवढं कळलं तेवढं तिनं केलं."

"तनू, बस खाली," शेषेराव म्हणाला.

"नाही, बाबा. तुम्ही तिचं नाव घेत नाही, म्हणून मलाही घेता येत नाही. तेरा दिवस झाले, आपल्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही."

मग सुमनबाई भिंतीला धरून उठली.

"मी तीन दिस सलाईनवर होते," ती म्हणाली. "म्हंजे पहिलं बोलायचा हक माझा. त्या दोन दिवसांत रेणुकानं पाणी सोडलं नसतं, तर तुमी तिच्या दाराशी जाऊन बोंबलला असता. सोडलं, तर आता बोंबलून राहिले. शेषेरावला ठाऊक असंल, तर त्याची चूक येवढीच, त्यानं माती उकरली न्हाई. उद्या उकरायला लावा. आन् किल्ल्या देऊन टाका त्याच्या. पंचायतीनं ठिवलेल्या त्या नव्या पोराला मोटार चालू करता येत न्हाई, मी टँकरचं पाणी पिऊन पिऊन कटाळले."

एक-दोघं हसले. शिवशंकर उठून म्हणाला, "उद्या सकाळी मी फावडी आणतो. पाणी अजून चढायच्या आत ती माती काढून घेऊ."

सरपंचांनी थोडा वेळ इकडं तिकडं बघितलं. मग खिशातून किल्ल्या काढून शेषेरावच्या पुढं सतरंजीवर ठेवल्या.

८

शेवटची बस निघून गेली होती, म्हणून रामलिंग जेवायला थांबला. ज्योत्स्ना सरपंचांकडे कागद लिहीत बसली होती. तनुजानं दोन ताटं वाढली आणि ती आत गेली. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. मोठ्यानं, मोकळं. शेषेराव एकदा उठला, पुन्हा बसला.

"रडू द्या," रामलिंग म्हणाला.

थोडा वेळ दोघं जेवले.

"तुमाला कसं कळलं, साहेब?" शेषेरावनं विचारलं. "राख हाय, पाण्याची वेळ हाय, ते खरं. पण मला समदं ठाऊक असून मी गप हाय, हे कसं कळलं? मी तर तोंड उघडलं नव्हतं."

रामलिंगनं घास खाली ठेवला.

"माझी बायको बीपीची होती," तो म्हणाला. "गेल्या वर्षी तिनं गोळ्या बंद केल्या. म्हणायची, गोळीनं चक्कर येते, मी बरी आहे. मला ठाऊक होतं. डॉक्टरला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. ती बरी दिसत होती. मला वाटलं, काही होत नाही."

"किती दिवस?"

"दीड महिना. मग एक दिवस स्वयंपाकघरात पडली. मुलगा आला, त्यानं विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? मी हो म्हणालो. तिला कुणी नाव ठेवू नये म्हणून. असं मी स्वतःला सांगतो."

शेषेरावनं ताट बाजूला सरकवलं.

"आन् अजून कुणाला सांगितलं न्हाई?"

"नाही," रामलिंग म्हणाला. "आत्ता सांगतोय."